जावेचा तेरा पात्यांचा रोटर

जावेच्या पाटल्यांचा हेवा करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. जावेच्या माहेरचा, जावेच्या रंगाचा, जावेच्या पुरणपोळीचा हेवा करणाऱ्याही पाहिल्या आहेत. मी जावेच्या रोटरचा केला. हे कुणाला सांगायला गेलं तर आधी रोटर म्हणजे काय ते सांगावं लागतं, आणि ते सांगून होईपर्यंत ऐकणारीचा हेव्यातला रस आटून जातो. तरी सांगते.

भाईंदर पूर्वेला आमची कंपनी आहे. कंपनी म्हणजे औद्योगिक वसाहतीतले लागून असलेले दोन गाळे. एका बाजूला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके बनवणारे, आणि मध्ये आम्ही हवा दाबणारी यंत्रं बनवतो, म्हणजे कॉम्प्रेसर. सांडपाणी साफ करायच्या टाक्यांमध्ये सतत हवा सोडावी लागते, तिकडे ती जातात. कॉम्प्रेसरच्या पोटात एक चाक गरगर फिरत असतं, त्याला पाती असतात. तोच रोटर. तो हवा आत ओढतो, तिला वेग देतो आणि पुढे ढकलतो. त्याला किती पाती असावीत हे ठरवण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

पाती वाढवली की एकेका पात्यावरचा भार कमी होतो, हवा नीट धरली जाते, दाब चांगला मिळतो. पण पाती जास्त म्हणजे हवेला घासायला जागाही जास्त आणि आत शिरायला वाट कमी. त्या घासण्यात वीज वाया जाते. पाती कमी केली तर वीज वाचते, पण प्रत्येक पात्याला जास्त ओढावं लागतं. मग हवेचा पुरवठा जरा कमी झाला की हवा पात्याला धरून राहत नाही, सुटते आणि उलटी फिरते. तेव्हा यंत्राला धाप लागते आणि सगळा सांगाडा हादरतो. पुस्तकात त्याला सर्ज म्हणतात, आमच्या गाळ्यात ‘खोकला’ म्हणतात. समजावून सांगताना मी एकत्र कुटुंबाचं उदाहरण देते. सुना पुष्कळ असल्या की कामं वाटली जातात, पण भांड्याला भांडं फार लागतं. सुना कमी असल्या की घरात शांतता असते, पण एखादी जरी आजारी पडली की घर बसतं. आमच्या घरात सुना दोनच आहेत, तरी भांडी वाजायची ती वाजलीच.

माझा रोटर सतरा पात्यांचा. साहेब गुजराती आहेत, ते त्याला ‘बेनचा सतरा’ म्हणतात. किती टाक्यांवर तो चालतोय, पण खोकल्याची तक्रार म्हणून कधी आली नाही. पंधरा पात्यांचा विचारही मी एकदा केला होता. सम आकडा आम्ही घेत नाही, कारण बाहेरच्या कवचातली स्थिर पाती आमच्याकडे सम आहेत आणि आतली-बाहेरची एकाच वेळी समोरासमोर आली की मशीन केकाटतं. म्हणून सतराखाली पंधराच. पण सतरा चालतोय, मग कशाला, असं म्हणून ते चित्र ड्रॉवरमध्ये राहिलं.

नवा रोटर चाचणीत पास झाला की ज्याचं डिझाइन त्याने यंत्रासमोर नारळ फोडायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. तो नारळ आजवर मीच फोडत आले. एका घावात. शेंडीची बाजू आपल्याकडे, आणि मधल्या शिरेवर दणका. त्याचाही मला अभिमान होता.

धाकटी जाऊ पुण्याची. शिकलेली माझ्याहून जास्त. बाळ झाल्यावर तिने तिकडची नोकरी सोडली आणि दिरासोबत भाईंदरच्या इंद्रलोक भागात, आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली. सासूबाई सकाळी माझ्याकडे असतात, दुपारनंतर वर. एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, ती पण तुझ्यासारखी मशीनवालीच ना? घरात बसून सुकतेय पोर. घे की तुझ्याकडे. बाळाला बघते मी."

मी घेतलं. नुसतं घेतलं नाही, साहेबांकडे तिची तोंडभरून शिफारस केली. आपल्या पायावर आपणच धोंडा कसा मारून घ्यावा, हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे यावं.

पहिल्याच दिवशी तिने एक गोष्ट ठरवून टाकली. घरी मी ‘ताई’ आणि कंपनीत ‘मॅडम’. जिन्यावरून उतरताना "ताई, छत्री घेतली का?" आणि गाळ्याचं शटर ओलांडलं की "मॅडम, ड्रॉइंग पाहिलं का?" त्यात ती कधीही चुकली नाही. चुकायचे मी. भर मीटिंगमध्ये मी तिला "अगं, डबा आणलास का?" विचारायची आणि सगळे हसायचे. तेव्हापासूनच मला ती थोडी खुपायला लागली, हे मान्य करायला हवं.

मग ती ऑर्डर आली. सांडपाण्याच्या एका प्लांटला कॉम्प्रेसर हवा होता. दिवसरात्र, एकाच मापाने हवा सोडणार. वीज कमी खावी, एवढाच त्यांचा हट्ट. साहेब म्हणाले, बेनचा सतरा लावून टाकू. विषय संपला होता. चहा आला होता.

तेवढ्यात ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, पाती कमी करून बघितली तर? मी तेरा घेऊन बघितलंय. पात्याची लांबी जरा वाढवली की दाब जवळपास तेवढाच राहतोय."

"कधी बघितलंस?"

"घरी. बाळ झोपतं तेव्हा."

तिने कॉम्प्युटर वळवला. त्यावर हवा रंगीत दिसते. जिथे मोकळी धावते तिथे निळी, जिथे अडखळते तिथे लाल. तिच्या तेरामध्ये बराचसा निळा रंग होता. शेजारी दुसरं चित्र होतं, त्यात पात्यांच्या अंगाला चिकटून लाल पट्टे दिसत होते. ते पट्टे कुणाचे हे मला विचारावं लागलं नाही. माझा सतरा तिने मला न विचारता उघडून आत डोकावून पाहिला होता. आपण बाहेर गेलो असताना कुणी आपलं कपाट आवरून ठेवावं, तसं झालं. कपाट नीटच लागलेलं असतं, म्हणून तर राग येतो.

"खोकेल," मी म्हटलं. "तेरावर हवा धरणार नाही. जरा पुरवठा कमी झाला की खोकेल."

"हो, ते आहेच मॅडम. म्हणूनच विचारलं."

साहेबांनी बशीत बिस्किट ठेवलं. "बेन, बनवून बघू ना. बघायला काय जातंय? दोन्ही चढवू टेस्टला. जो पास तो आपला."

रोटर तयार होईपर्यंतचे ते दिवस मी जळण्यात घालवले. दुसरा शब्द नाही. भाजी परतताना जळायचे, झोपताना जळायचे. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली की मला वाटायचं, बसली कॉम्प्युटरपुढे. नवऱ्याला सांगितलं, तर त्याने मान वर न करता म्हटलं, "हुशार आहे ती."

"आणि मी?"

"तू अनुभवी आहेस."

त्या दिवशी त्याला मी दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही. त्याने स्वतः घेतली, आणि अनुभवी हा शब्द मला का झोंबला हे त्याला आजही कळलेलं नाही.

रविवारी बिल्डिंगच्या गेटवर जवळच्या मुर्धा गावची मावशी मासळी घेऊन बसते. मी पिशवी घेऊन उतरले तर टोपलीत बोंबील होते, पण उरलेसुरले.

"धाकली बाय सकालीच येऊन गेली," मावशी म्हणाली. "बरोब्बर ताजं बगून नेलं तिनं. आता ह्येच हाय, दुसरं न्हाय."

पुण्याची मुलगी. तिला बोंबील कळायचं कारण काय? उरलेले घेऊन मी वर आले आणि ते तळताना तेलापेक्षा मीच जास्त तडतडत होते. सासूबाई पाटावरून म्हणाल्या, "जावा जावा, उभा दावा." मग हसल्या. त्यांच्या तीन जावा होत्या, त्यांना हे सगळं पाठ होतं.

चाचणीचा दिवस आला. आमची चाचणी साधी असते. दाबलेली हवा ज्या पाइपातून बाहेर पडते, त्यावर चाकासारख्या मुठीचा वाल्व आहे. तो हाताने थोडा थोडा बंद करत जायचा. हवा कमी कमी होत जाते आणि एका ठिकाणी यंत्र खोकतं. खोकण्याआधी ते जिथपर्यंत गेलं, तो त्या रोटरचा आकडा. जितकं लांब जाईल तितका रोटर दमदार. या प्लांटने हवेच्या मापावर एक खूण आखून दिली होती, तिथपर्यंत खोकता कामा नये. शिवाय वीज किती खातो ते शेजारच्या मीटरवर दिसतंच.

वाल्वचा आमचा एक नियम आहे. ज्याचा रोटर, त्याचा हात वाल्वला लागायचा नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं माणसाचं असतं. स्वतःच्या रोटरवर प्रत्येक जण लाडाने, जपून वाल्व फिरवतो. म्हणून हात दुसऱ्याचा. हा नियम मीच घातला होता. आजवर माझ्या रोटरवर साहेबांचा हात असायचा.

पहिल्यांदा माझा सतरा चढवला. वाल्ववर ती.

तिने बांगडी मागे सारली आणि मूठ धरली. मग असं फिरवलं की फिरवलं हे डोळ्यांना कळू नये. थांबली. पाइपाला तळहात लावला, ऐकलं, पुन्हा केसभर फिरवलं. बाळ नुकतं झोपलेलं असावं आणि खोलीचं दार लोटायचं असावं, तसा ती वाल्व बंद करत होती. साहेबांच्या हाताखाली सतरा जिथे खोकायचा ती जागा आली आणि गेली. सतरा चालतच राहिला. पॉलिशवाल्यांच्या मशीनचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. प्लांटची खूणही मागे पडली. कितीतरी पुढे गेल्यावर तो एकदाच खोकला, आणि तिने लगेच वाल्व मोकळा केला.

एवढा दम माझ्या रोटरमध्ये आहे, हे मला माहीत नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. आपलं पोर आपल्याकडे हट्ट करतं आणि शेजारणीकडे शहाण्यासारखं ताट संपवतं, तेव्हा आईला जो आनंद होतो तेवढाच मला झाला.

मग तिचा तेरा चढवला. यंत्र पूर्ण वेगात आलं आणि मीटरचा काटा सतराच्या खाली जाऊन थांबला. थोडा नाही, चांगला खाली. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मी वाल्वपाशी गेले.

लबाडी मी केली नाही. हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन. नेहमीसारखाच फिरवला. पण माझा हात मुळातच जड आहे. माझी पोळी पोळपाटाला चिकटते, माझ्या हाताने बरण्यांची झाकणं अशी बसतात की नवऱ्याला ती पुन्हा उघडता येत नाहीत. वाल्व जरा अडला म्हणून मी जोर दिला, आणि तो एकदम पुढे सरकला. तेरा पाती हादरली. यंत्र खोकलं, एकदा, दोनदा, खिडकीच्या काचा थरथरल्या. मी वाल्व उघडला. खूण अगदी थोडक्यात राहिली होती.

"चला," साहेब म्हणाले. "बेनचा सतराच. वीज जरा जास्त खाईल, पण खोकणार नाही."

मी जिंकले होते.

तिने कागदावर आकडा लिहिला. "ठीक आहे मॅडम," म्हणाली, आणि बोल्ट सोडायला पाना घेतला. चेहऱ्यावर काहीही नाही. रुसवा असता तरी मला बरं वाटलं असतं.

चहा आला. मी तो मिटक्या मारत प्यायला घेतला. अर्धा कप होईपर्यंत सुख टिकलं. मग माझी नजर तिच्या हाताकडे गेली. ती बोल्टसुद्धा तसेच सोडत होती, सावकाश, एकेकाला वेळ देत. आणि मला जे कळलं ते तिला केव्हाच कळलेलं होतं. तो आकडा तेराचा नव्हता, माझ्या हाताचा होता. माझ्या सतराचा मोठा आकडाही निम्मा तिच्या हाताचा होता. त्या गाळ्यात हे आम्हा दोघींनाच माहीत होतं आणि ती ते बोलणार नव्हती. आज नाही, गणपतीत मोदक वळताना नाही, हळदीकुंकवाला नाही, कधीच नाही. माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, ती ते न बोलता राहिली असती. तिचं ते न बोलणं मला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

मोठं मन वगैरे माझ्याकडे नाही. हरणं मी कसंबसं गिळलं असतं. पण तिने मला जिंकू दिलं, हे माझ्या घशाखाली उतरणं शक्य नव्हतं.

मी कप ठेवला. "साहेब, पुन्हा घ्या. वाल्व तिला द्या."

"बेन, तिचाच रोटर आहे. नियम तर तुम्हीच केलाय."

"मग मीच मोडते."

ती पाना धरून उभी होती. "नको मॅडम. आकडा आलाय. नियम आहे."

"तू गप्प बस आणि हात लाव," मी म्हटलं. आवाज स्वयंपाकघरातला होता, कंपनीतला नव्हता. फिटर हसू दाबून पुन्हा बोल्ट आवळायला लागला.

तिने बांगडी मागे सारली. या वेळी मी मुद्दाम तिच्या मागे उभी राहिले, लाडाने फिरवते का बघायला. नाही फिरवलं. माझ्या सतराला जसा हात लावला होता तसाच आपल्या तेराला लावला, ना जास्त ना कमी. तेवढीही खोट मला तिच्यात काढायला मिळाली नाही. हवेच्या मापाचा काटा खुणेपाशी आला, खुणेवर आला, खूण ओलांडून थोडा पुढे गेला आणि मग यंत्र हलकंसं खोकलं. सतराइतका दम नव्हताच. पण त्या प्लांटला सतराइतका दम नकोच होता. तिथे हवा एकाच मापाने जाणार होती आणि वीज वाचणार होती.

"तेरा," साहेब म्हणाले. मग ते वाल्वकडे आणि तिच्या हाताकडे बघत राहिले. "आणि बेन, यापुढे वाल्व हिच्याकडेच देऊ. कुणाचाही रोटर असू दे."

मान मीच हलवली. आता माझ्या प्रत्येक रोटरचा दम तिच्या मनगटातून जाणार.

फिटरने सवयीने नारळ आणून माझ्या हातात दिला. क्षणभर तो मी तसाच धरून ठेवला. मग तिच्यापुढे केला. "तुझा रोटर. फोड."

तिला नारळ फोडता येत नव्हता. पहिला घाव बसला आणि नारळ जसाच्या तसा. दुसरा निसटला. साहेब सांगायला लागले असा धर, फिटर सांगायला लागला तसा धर. मधल्या शिरेवर मारायचं असतं हे मला माहीत होतं. मी हाताची घडी घालून उभी राहिले आणि बोलले नाही. खरं सांगते, त्या सबंध दिवसात मला पहिल्यांदा निर्मळ आनंद झाला. तिच्या कपाळावर घाम आला, बट डोळ्यांवर आली. तिने बिचारीने वळून माझ्याकडे पाहिलं. तिकडेही मी बघितलं नाही. मनात म्हटलं, फुटला तर निदान नासका निघू दे.

फुटला. पाणी तिच्या चपलांवर सांडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोबरं पांढरंशुभ्र होतं. तिने नखाने पहिला तुकडा काढला, साहेबांना ओलांडून माझ्यापाशी आली, आणि कंपनीत, सगळ्यांसमोर, म्हणाली, "ताई, घ्या ना."

तेवढ्या एका शब्दाला ती चुकली की मुद्दाम म्हणाली, हे मला तिच्या तोंडावरून कळलं नाही. मी तुकडा तोंडात टाकला. मेलं खोबरंही गोड निघालं. ते चावता चावता मी मनातल्या मनात ड्रॉवर उघडला आणि पंधरा पाती मोजायला लागले.